कळलावीची राखण

शके अठराशे एक्कावन्न, आश्विनाचा दुसरा आठवडा. पाऊस सरून आठ दिवस झाले होते. भाते पिवळी पडत होती आणि घाटाखालच्या एका गावात, एका वृद्ध वैद्याच्या कुंपणावर कळलावी फुलली होती.

कळलावी ही रानवेल. पावसाबरोबर उगवते, आश्विनात फुलते आणि थंडी पडली की वाळून जमिनीत गडप होते. फूल ज्वाळेसारखे, तळाशी पिवळे, टोकाला लाल. कंद जहरी. चुकून पोटात गेला तर माणूस वाचणे कठीण. वैद्य तो कंद लेपासाठी वापरी, दुखऱ्या सांध्यांवर बाहेरून लावायला. पोटात त्याने तो कधी कुणाला दिला नाही. वेल त्याच्या वडिलांनी लावलेली होती. आडबाजूला लावलेली नव्हती, फाटकाशी होती. आत येणाऱ्याच्या नजरेत पहिली तीच भरे.

वैद्याला गावात आबा म्हणत. वय सत्तरीपुढचे. फाटकातून कुणीही आत आले की आबा ओट्यावरून एकच वाक्य बोलत, "लाल फुलाच्या वेलीला हात लावू नका, मुळाशी विष आहे." चाळीस वर्षे ते हेच बोलत होते. त्यात आता ना राग उरला होता, ना काळजी. जिभेवर झिजून ते वाक्य गुळगुळीत झाले होते.

त्यांच्याकडे भिकाजी नावाचा शिष्य होता. वय सव्वीस. पाच वर्षे शिकत होता. हात स्वच्छ, स्मरण चांगले, नाडी पाहण्यात आबांच्या खालोखाल. एक उणीव होती. समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहून तो आपले वागणे ठरवी.

एके सकाळी गावातला मोठा तांदळाचा व्यापारी दारी आला. ओट्यावर न बसता अंगणातच उभा राहिला.

"वैद्यबुवा, ही वेल काढा."

"का?"

"नाव काय तिचं! जिथे कळलावी तिथे भांडण. माझी धाकटी सून पोटुशी आहे. तुमचं औषध चालू आहे. पण तिला या फाटकातून आणायला घरच्या बायका तयार नाहीत."

"शेटजी, तुमच्या वखारीत अशी वेल आहे?"

"नाही."

"परसात?"

"छे, छे!"

"मग तुमच्या दोन सुना गेली चार वर्षं कशावरून भांडतात?"

ओट्यावरचे दोघे-तिघे रोगी हसले. शेट हसला नाही. तो म्हणाला, "हसा. मी तालुक्याच्या वैद्याकडे जाईन. मी गेलो की हे हसणारेही महिन्याभरात माझ्यामागे येतील."

"जा," आबा म्हणाले आणि खलाकडे वळले.

भिकाजीच्या मनाला ते फार लागले. आबांच्या पश्चात हा ओटा त्याला चालवायचा होता. शेट तुटला तर गाव तुटेल, हे त्याला दिसत होते. संध्याकाळी त्याने विषय काढला.

"आबा, एका वेलीसाठी माणसं तोडायची?"

आबा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते.

"लेपाला लागतील ते कंद मी रानातून आणत जाईन," भिकाजी म्हणाला. "दारात कशाला हवी? तुम्हीच तर दिवसभर लोकांना सांगता, हात लावू नका म्हणून."

"उद्या बोलू," आबा म्हणाले. "आता थकलोय."

उद्या बोलणे झाले नाही. परवाही झाले नाही. तिसऱ्या दिवशी आबांना खाडीपलीकडच्या गावाहून बोलावणे आले आणि ते दोन दिवसांसाठी गेले.

भिकाजीने त्याच दुपारी वेल उपटली. ती सहज हातात आली. त्याने थोडे खणले. हाताच्या पंज्याएवढा एक कंद निघाला, तो नदीत टाकला. फुले, पाने कुंपणाबाहेर नेऊन जाळली. माती भुसभुशीत करून सारखी केली आणि शेटला निरोप पाठवला.

आबा परतले. फाटकाशी थांबले. बराच वेळ त्या जागेकडे पाहत उभे राहिले.

"कंद किती निघाले?"

"एक, आबा. सगळं साफ केलं."

"बरं."

एवढेच. भिकाजीने बोलणी खायची तयारी ठेवली होती. ती वाया गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी त्या मोकळ्या जागी एक काठी रोवली. काठीला लाल चिंधी बांधली. शेजारी घोंगडी टाकली आणि तिच्यावर जाऊन बसले. रोगी आले की उठून ओट्यावर येत, काम झाले की पुन्हा तिथे. जेवण झाले की तिथे. फाटकातून येणाऱ्याला सांगत, "या जागी हात लावू नका. खणू नका."

वेल होती तेव्हा लोक ऐकून घेत. आता हसू लागले.

"आबा, कसली राखण?"

"विषाची."

"ते तर धाकट्या वैद्यांनी नदीत सोडलं!"

"बरं."

"म्हातारपण," लोक बाहेर जाऊन म्हणत. "वडिलांची वेल गेली, जिवाला लागलं त्यांच्या."

कार्तिक गेला. मार्गशीर्षाची थंडी पडू लागली. दव पडे, घोंगडी ओली होई. आबा खोकू लागले, पण उठले नाहीत. भिकाजीला ते पाहवेना. काळजीपेक्षा त्याला लाज अधिक वाटत होती, हे खरे सांगितले पाहिजे. शेटच्या घरची माणसे पुन्हा येऊ लागली होती आणि आल्याबरोबर त्यांना दिसे काय, तर मोकळी जमीन राखत बसलेला म्हातारा. भिकाजीने दोनदा विचारले, "आबा, इथे काय आहे?" दोन्ही वेळा आबांनी हाताने नुसते 'राहू दे' केले.

आबांच्या बागेत त्या जागेला लागूनच कणगराचे वाफे होते. कणगर म्हणजे रताळ्यासारखा कंद, उकडून खातात. त्या गावात एक रीत होती. मालकाने आपली कणगरे काढून नेली की मातीत राहिलेले तुटकेफुटके कंद वाडीतल्या गरीब बायकांचे. ठरल्या दिवशी फाटक उघडे ठेवायचे. बायका खुरपी घेऊन येत आणि मिळेल ते टोपलीत भरून नेत. याला सरवा म्हणत. मालकाने त्या दिवशी बागेत पाऊल टाकायचे नाही. टाकले तर गरिबाच्या टोपलीवर डोळा ठेवला असे होई. ही रीत कुणी मोडत नसे.

सरव्याच्या आदल्या रात्रीपासून आबांना ताप भरला. सकाळी त्यांना उठवेना. त्यांनी भिकाजीला बोलावले.

"आज बायका येतील. त्या जागी तू बैस. त्या जागेत खुरपं घालू देऊ नकोस."

"आबा, सरव्याला मालक बसत नाही. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

भिकाजी जाऊन बसला. बायका आल्या. त्यांत अनशी होती. ती दोन वर्षांपूर्वी घाटावरून लग्न होऊन आली होती. नवरा जहाजावर खलाशी. घरात आंधळी सासू आणि एक तान्ही मुलगी. अनशीची जीभ तिखट होती.

"काय धाकटे वैद्य," ती म्हणाली, "मोजायला बसलात? चार कंद जास्त गेले तर औषधात मीठ कमी पडेल?"

बायका खुरपी थांबवून हसल्या.

"इथे खणायचं नाही," भिकाजी कसेबसे म्हणाला. "आबांनी सांगितलंय."

"आबांचं ते रोजचं खूळ. सरव्याला ते कुणाला अडवायचे नाहीत. चाळीस वर्षं त्यांच्या बागेत सरवा होतोय, म्हणतात. त्यांचं नाव पुढे करू नका."

त्याच वेळी शेट फाटकातून आत आला. मागे त्याची सून आणि दोन बायका होत्या. शेट थबकला.

"भिकाजी, सरव्याला राखण? आणि ही चिंधी कसली? पोटुशी बाई समोरून येतेय. अवलक्षण. काढा ती."

भिकाजीचे कान तापले. त्याने काठी उपटली, चिंधीसकट कुंपणापलीकडे फेकली, घोंगडी गुंडाळली आणि शेटला घेऊन ओट्यावर गेला. जाताना एकदाही मागे वळून पाहिले नाही.

अनशीला कोपऱ्यातली माती भुसभुशीत लागली. बाकीचे वाफे घट्ट होते, चार वेळा खुरपे मारावे तेव्हा एक तुकडा निघे. इथे हात घातला की कंद. कणगरासारखेच तपकिरी, थोडे वाकडे. तिने तेही टोपलीत टाकले आणि इतरांच्या आधी घरी निघाली.

तासाभराने ओट्यावर भिकाजी शेटच्या सुनेसाठी औषध घोटत, बायकांना पथ्य सांगत होता. आतून आबांचा आवाज आला.

"भिकाजी."

"ओ, आबा."

"तुझा आवाज ओट्यावरून येतोय."

क्षणभराने दार उघडले. आबा उंबऱ्यात उभे होते. अंगावर रजई, पाय अनवाणी, डोळे तापाने लाल. त्यांनी शेटकडे पाहिले नाही. सरळ बागेत गेले. काठीची जागा उकरलेली होती. त्यांनी खाली बसून मातीत बोटे घातली आणि एक तुटलेले टोक वर काढले. मोडले होते तिथे पांढरे, ताजे.

"इथे कोण होतं?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. "अनशी, आबा. ती गेली मघाशीच."

आबा चालू लागले. पळणे त्यांना शक्य नव्हते. ते चालत होते आणि धापा टाकत होते. भिकाजी मागून धावत आला.

"आबा, तुम्ही थांबा, मी..."

"मग पळ ना!" आबा ओरडले. पाच वर्षांत भिकाजीने त्यांना ओरडताना ऐकले नव्हते.

तो पळाला. ओढ्यापलीकडे अनशीचे घर. दारात धूर. चुलीवर मडके उकळत होते. अनशी मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. कोपऱ्यात आंधळी सासू हातात उकडलेला कंद धरून फुंकर घालत होती. तिने तो तोंडाजवळ नेला. भिकाजीने दारातूनच झेप घेतली आणि तिच्या हातावर फटका मारला. कंद चुलीत जाऊन पडला.

म्हातारीने किंकाळी फोडली. अनशी उठली. "मेल्या! सरवा राखलास, आता घरात येऊन घास काढतोस? म्हातारीला मारतोस?"

"कुणी खाल्लं का?" भिकाजी विचारत होता. "आधी सांग. कुणी खाल्लं का?"

"कोण खाणार? आत्ता काढलं मडक्यातून! पहिला घास म्हातारीला दिला!"

भिकाजी भिंतीला टेकला.

थोड्या वेळाने आबा आले. ओढ्याच्या पाण्याने रजईचे टोक भिजले होते. त्यांनी टोपलीतले कंद जमिनीवर ओतले. एकेक हातात घेऊन बाजूला ठेवू लागले. तीन कंद अनशीसमोर धरले.

"ही कळलावी. बाकीची कणगरं. नीट बघ. कणगराला अंगभर मुळांचे केस असतात. ही गुळगुळीत आणि कोनात वाकलेली. घाटावर तुमच्याकडे ही होत नाही?"

अनशी बघत राहिली. मग तिने मुलीला छातीशी घट्ट धरले आणि खाली बसली.

आबांनी मडके बाहेर नेऊन खड्ड्यात उलटे केले. टोपलीतले सगळे कंदही त्याच खड्ड्यात टाकले. तुटलेला एखादा तुकडा कुठे चिकटला असेल तर कोण ओळखणार? वर माती लोटली.

"सगळं टाकलंत," अनशी म्हणाली. आवाजातला तिखटपणा गेला होता. "आता महिनाभर काय खायचं आम्ही?"

"आज संध्याकाळी माझ्याकडून तांदूळ येतील," आबा म्हणाले. "ते माझे. ही टोपली मात्र याचं देणं आहे." त्यांनी भिकाजीकडे बोट दाखवले. "तू तुझ्या हातानं खणलेली टोपली गेली. पुढच्या सुगीला हा त्याच्या हातानं खणून देईल. घरात साठवलेल्यातून नव्हे."

परत जाताना ओढ्याच्या काठी आबा एका दगडावर बसले. त्यांना पुढे चालवेना. भिकाजी समोर उभा राहिला. तो म्हणाला, "आबा, मी ती काढली होती. माझ्या डोळ्यांनी कंद पाहिला."

"एक पाहिलास. वडिलांनी लावलेली वेल ती. किती कंद, कुठवर गेलेत, मलाही ठाऊक नाही. ओढली की तुटते, आणि तुकड्यातून पुन्हा उगवते. आता खणलं तर आणखी तुटेल, वाफ्यात पसरेल. पाऊस पडून कोंब येईल तेव्हाच कळेल ती कुठे आहे."

ते थांबले. खोकले. मग हळूहळू बोलू लागले.

"वेल होती तोवर मला काम कमी होतं. ती फुलायची. रस्त्यावरून दिसायची. नवा माणूस विचारायचा, हे काय? जुना त्याला सांगायचा. विष कुठे आहे हे विष स्वतःच सांगत होतं. तुला ते फूल खुपलं. शेटला खुपलं. फूल काढलंत आणि बाग साफ झाली म्हणालात. विष होतं तिथेच आहे, तुम्ही त्याची ओळख तेवढी उपटलीत. मग तिच्या जागी बोलायला कुणीतरी बसायला हवं होतं. म्हणून मी बसलो."

"मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

आबांनी पाण्याकडे पाहिले.

"ती माझी चूक. तू विचारलंस त्या संध्याकाळी सांगायला हवं होतं. थकलो होतो. थकलेला माणूस समजावून सांगायचं टाळतो आणि स्वतःच करत बसतो. त्याला वाटतं, यात कष्ट कमी आहेत. आज ती म्हातारी मेली असती, तर निम्मं पाप माझं असतं."

भिकाजीने त्यांना हात दिला. ते उठले.

त्या संध्याकाळी भिकाजीने स्वतः तांदूळ पोचवले. दुसऱ्या दिवशी काठी शोधून आणली, नवी चिंधी बांधली आणि घोंगडी टाकली. पौष गेला, माघ गेला. लोक हसले. आता गुरूचं वेड शिष्याला लागलं, असे म्हणाले. तो बसून राहिला. उन्हाळ्यात त्या जागी सावली नव्हती. त्याने डोक्यावर पंचा घेतला आणि बसला. येणाऱ्याला सांगत राहिला, "या जागी खणू नका, विष आहे." पहिले काही दिवस तो हे कळकळीने सांगे. वैशाखात एकदा त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. त्या आवाजात कळकळ उरली नव्हती. तो हुबेहूब आबांचा आवाज होता. तरी तो सांगत राहिला.

आषाढात कोंब आले. एके ठिकाणी नव्हे, पाच ठिकाणी. दोन तर कणगराच्या वाफ्यात. भिकाजीने वाफ्यातले दोन कोंब मातीच्या ढेकळासकट, हातभर खोल खणून, न तुटतील असे उचलले आणि कुंपणाशी आणून लावले. ती माती त्याने चाळून पाहिली. मग तेवढा वाफा त्या वर्षी पडीक ठेवला. बाकी वाफ्यांत कणगर लावले.

आश्विनात कुंपणावर पाच वेली फुलल्या. शेट आला, फाटकाबाहेरूनच पाहिले.

"भिकाजी, पुन्हा?"

"पुन्हा, शेटजी."

"मग आम्ही तालुक्याला."

"बरं," भिकाजी म्हणाला.

शेट गेला. त्याच्यामागे सात-आठ घरे गेली. ओट्यावर गर्दी कमी झाली. आबा आता क्वचितच अंथरुणातून उठत. खिडकीतून कुंपण दिसे. ते तिकडे पाहत पडून राहत.

मार्गशीर्षात कणगरे निघाली. भिकाजीने एक वाफा गड्याला न देता स्वतः खणला. प्रत्येक कंद हातात घेऊन पाहिला, केस तपासले, मग टोपलीत ठेवला. टोपली शिगोशीग भरली. ती डोक्यावर घेऊन तो ओढा ओलांडून गेला आणि अनशीच्या दारात उतरवली.

अनशी बाहेर आली. तिने टोपलीकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले नाही. खाली बसली आणि पहिला कंद उचलला. माती पुसली. दोन्ही टोके पाहिली. बाजूला ठेवला. दुसरा उचलला.

आतून सासू म्हणाली, "अगं, घे की. धाकट्या वैद्यांनी आणलेत."

"थांबा, सासूबाई."

ती एकेक पाहत राहिली. भिकाजी उन्हात उभा होता. त्याला घाई करावीशी वाटली नाही. शेवटी एक कंद तिच्या हातात राहिला, जरा वाकडा. तिने तो उलटासुलटा केला, मोडला आणि निम्मा भिकाजीसमोर धरला.

"हा तुम्ही खा."

भिकाजीने तो घेतला आणि कच्चाच चावून खाल्ला.

अनशीने टोपली आत नेली, रिकामी केली आणि परत आणून त्याच्या हातात दिली.